ट्रंक घरी आली, पुढं काय?

 

आजचा विषय फौजेतून परत आलेल्या माणसाचा आहे. तुम्ही म्हणाल, हा तर गड्यांचा विषय. आम्हीही आधी असंच म्हणालो होतो.

नोकरी पुरी करून जवान गावात येतो तो दिवस मोठा असतो. नांदेडकडून येणाऱ्या गाडीतून काळी ट्रंक उतरते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. उघडी जीप, हलगी नाहीतर डीजे, वेशीत औक्षण, शाळेत शाल आणि नारळ. आठ-दहा दिवस जेवणाची आमंत्रणं. मग एका पहाटे चार वाजता माणूस सवयीनं उठतो, दाढी करतो, बूट पुसतो, आणि आता कुठं जायचं ते त्याला कळत नाही. चुलीपुढं बसलेली बायको हे बघत असते. आमच्या गटातल्या एकीनं हे सांगितलं तेव्हा दुसऱ्या दोघी म्हणाल्या, आमच्या घरी पण अगदी असंच झालं.

शाळामास्तर, तलाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होतात. तोवर पोरांची लग्नं उरकलेली असतात. जवानाचं तसं नाही. सोळा-सतरा वर्षं नोकरी करून तो पस्तीस-अडतीसचा असतानाच घरी येतो. मोठी मुलगी सातवीत, धाकटा तिसरीत, आईबाप थकलेले. खर्चाची खरी वर्षं अजून पुढंच असतात. म्हणजे हे विसावा घ्यायचं वय नाही, दुसरी वाट धरायचं वय आहे. ती वाट कोणती हे बहुतेक घरांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठरून जातं, आणि ठरवताना बायकोला विचारलेलं नसतं.

का घाई होते? कारण पैसा एकदम येतो. शिपायाची पंधरा वर्षं भरली की त्याला पेन्शन लागते, ती साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मी. शिवाय ग्रॅच्युइटी, फंड आणि विम्याचे पैसे. पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलता येतो. त्याला फौजेत कम्युटेशन म्हणतात, आपण 'पेन्शन विकली' म्हणतो. ते पैसे फुकट येत नाहीत. उचललेला भाग पुढची पंधरा वर्षं दर महिन्याच्या पेन्शनमधून कमी होत राहतो. ही गोष्ट घरातल्या बाईला बहुतेक वेळा पेन्शनची पहिली रक्कम हातात आल्यावरच कळते.

गावात मात्र आकडा सगळ्यांना आधीच माहीत असतो. कोणी प्लॉट दाखवतं, कोणी म्हणतं भागीत जेसीबी घेऊ, पाव्हण्याच्या पोरीचं लग्न निघतं. आमच्या ओळखीच्या एका घरी माणसानं आल्या आल्या प्रवासी जीप घेतली. त्याला गाडी चालवता येत होती, धंदा चालवता येत नव्हता. ड्रायव्हर बदलत गेले, टायर झिजत गेले, दोन दिवाळ्यांत जीप विकली गेली. त्याची बायको आम्हाला म्हणाली, "बाई, मी सतरा वर्षं मजुरांचा हिशोब ठेवले, बियाणाची उधारी फेडले. मला एक शब्द विचारले असते तर मी सांगितले असते की त्या रस्त्यावर आधीच पाच जीपा उभ्या राहायलेत."

गटात कुणाला पाचशे रुपये द्यायचे तर आपण वही उघडतो, कशासाठी पाहिजेत विचारतो, सही घेतो. घरात दहा-पंधरा लाख आले तर वही का उघडायची नाही? आमचा सल्ला एवढाच, की पहिलं एक वर्ष मोठा व्यवहार करायचा नाही. पैसा टपालात नाहीतर बँकेत ठेवायचा. टपालाच्या मासिक उत्पन्न योजनेत एकाच्या नावावर नऊ लाख आणि जोडनावावर पंधरा लाखांपर्यंत ठेवता येतात. ७.४ टक्के व्याजानं नऊ लाखांवर महिन्याला साधारण साडेपाच हजार येतात. दर बदलत असतो, ठेवताना विचारून घ्या. कुणी उसने मागायला आलं तर 'पैसे पाच वर्षांसाठी अडकवलेत' असं सांगता येतं, आणि ते खोटंही नसतं.

शेती हा शब्द परत आलेल्याच्या तोंडी सगळ्यात आधी येतो. पण आपल्याकडची शेती म्हणजे कापूस आणि सोयाबीन, जास्त करून पावसावर. आणि ती शेती इतकी वर्षं कसत कोण होतं? भाऊ, भावजय आणि बायको. फौजी घरी येतो आणि वाट्याची गोष्ट निघते. भावाला वाटतं, मी राबलो. ह्याला वाटतं, पैसे मी पाठवले. दोघांचंही खरं असतं, म्हणूनच भांडण मिटत नाही. वाटणी करायची असेल तर फौजेत असतानाच, सुट्टीत आलेला असताना, शांतपणे बसून करा.

घरातली दुसरी अडचण कुणी उघड बोलत नाही. इतकी वर्षं बाईनं घर चालवलं. शाळेच्या सभेला तीच गेली, दवाखान्यात रात्र तिनंच काढली. आता माणूस येतो आणि डबे कुठं ठेवायचे इथपासून हुकूम सोडतो. तिला राग येतो, त्याला वाटतं आपली किंमत नाही. आणि कँटीनची बाटली. स्वस्तात मिळते म्हणून घरात येते, ती आली की संध्याकाळी ओट्यावर दोस्त येतात. काम नसलेल्या माणसाला हे दोस्त फार लवकर मिळतात. त्याला उद्योग हवा तो नुसत्या पैशासाठी नाही, याच्यासाठीही हवा.

मग वाटा कोणत्या? सरकारी नोकरीत माजी सैनिकांना राखीव जागा असतात. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड पदांत १५ टक्के, केंद्राच्या गट क मध्ये १० आणि ड मध्ये २० टक्के. सरकारी बँकांत शिपाई, पहारेकरी अशा पदांना २४.५ आणि कारकुनाला १४.५ टक्के. 'आता वय गेलं' असं म्हणून बरेच जण अर्जच करत नाहीत. पण वयातून नोकरीची वर्षं आणि आणखी तीन वर्षं वजा होतात. माणूस अडतीसचा, नोकरी सतरा वर्षं, तर हिशोबाला वय अठराच धरायचं! दहावी पास आणि पंधरा वर्षं फौजेत असलेल्याला केंद्राच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या बऱ्याच पदांनाही अर्ज करता येतो. अभ्यास मात्र पोरांच्या बरोबरीनं करावा लागतो. नांदेडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं नाव नोंदवणं हे पहिलं काम. मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, पहारेकऱ्यांची कामं देतं. आणि नोकरी सुटायच्या आधीच फौजेकडून पुढच्या कामाचं प्रशिक्षण मिळतं. ते घेतलं का, हे फोनवर विचारायचं काम तुमचं.

एक सावधगिरी. पंधरा वर्षं व्हायच्या आत कंटाळून स्वतःहून नोकरी सोडली तर पेन्शन नाही, आणि बहुतेक वेळा माजी सैनिकाचे हे फायदेही नाहीत. घरी भांडण झालं म्हणून 'या निघून' असं फोनवर म्हणू नका.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून ते अपंग झाले, फौज सुटली. ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सोनं जिंकलं. पण घर चाललं ते पुण्याच्या टेल्को कारखान्यातल्या नोकरीवर, हे कौतुक करताना विसरलं जातं. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे फौजेत ड्रायव्हर होते. १९७५ मध्ये परत आले, आधी यादवबाबांचं पडकं मंदिर स्वतःच्या पैशांतून दुरुस्त केलं, मग दारू बंद करायला आणि पाणी अडवायला गाव उभं केलं. आपल्याकडेही परत आलेले फौजी म्हणतात, अण्णांसारखं करायचंय. जरूर करा. पण अण्णांना बायकापोरं नव्हती, ते मंदिरात राहिले. आपल्या घरात पोरांची फी भरायची असते.

आता नव्या पोरांचं. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम होतात. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ ची अखेर आणि २०२७ ची सुरुवात या काळात भरतात. चारातली तीन पोरं बावीस-तेवीस-चोवीसच्या वयात घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे वर सांगितलेल्या माजी सैनिकांच्या राखीव जागा त्यांच्या धरू नका. त्यांना मिळतो तो सेवानिधी, सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये. त्यातले पाच लाख दोन हजार पोराच्याच पगारातून कापलेले, तेवढेच सरकारचे, वर व्याज. त्यावर आयकर नाही. केंद्रीय सुरक्षा दलांत आणि आसाम रायफल्समध्ये त्यांच्यासाठी दहा टक्के जागा आणि वयाची सवलत २०२२ सालीच जाहीर झाली. आणि दहावीवर गेलेल्या पोराला नोकरीत असताना बारावीचं प्रमाणपत्र मिळवायची सोय आहे. ते त्यानं घेतलंय का, विचारा. परत आल्यावर तेच लागतं.

आमच्या गटातल्या एका आईनं विचारलं, "पोराचं लग्न त्या पैशांत उरकून टाकू का?" आम्ही सगळ्या गप्प झालो, कारण प्रत्येकीच्या मनात तेच होतं. शेवटी तीच म्हणाली, "सून आली न् पैसा गेला, तर मग खायचं काय?"

कागदांचं एक सांगायचं राहिलं. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का ते आज बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव, 'बाई' लावलेलं-न लावलेलं, एवढ्यावरून पुढं विधवेची पेन्शन महिनोन्‌महिने अडते. खातं जोडनावाचं ठेवा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो, त्याची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवली तर चुकत नाही.

येत्या बैठकीला ज्यांच्या घरचं माणूस फौजेत आहे नाहीतर नुकतंच परत आलंय, त्यांनी कागदांची पिशवी घेऊन यावं. शक्य असेल तर माणसालाही. चहा गटाकडून.