दफ्तरी शहर, कारभारात गाव

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं राजूर म्हणजे कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. कारभार ग्रामपंचायतीचा, पण २०११ च्या जनगणनेच्या दफ्तरी हे शहर आहे. किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं आणि पोटापाण्याला लागलेल्या पुरुषांपैकी निदान पाऊण हिस्सा शेतीबाहेर, या तीन कसोट्यांना उतरलं की गावाला ‘जनगणना शहर’ म्हणतात. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ होती, दहा वर्षांत ती ३,९०० च्या घरात गेली. शेती सुटून माणूस कुठे वळतो आहे, हे या आकड्याइतकं स्वच्छ दुसरं काही सांगत नाही.

हे कळतं कसं? प्रगणक दारात येतो म्हणून. बहुतेकदा तो शाळामास्तर असतो. नाव, वय, कामधंदा यांच्या जोडीला तो विचारतो: जन्म कुठला, याआधी राहायला कुठे होतात, इथे किती वर्षं झाली? पोटासाठी माणसं येऊन वसलेल्या खाणीच्या गावात मला हेच प्रश्न सगळ्यांत मोलाचे वाटतात. ज्यांना घरच नाही, त्यांची मोजणी २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. माणूस निजतो तिथे जाऊन.

त्या जनगणनेला सुमारे २,२०० कोटी रुपये लागले, म्हणजे माणशी अठरा. पुढची २०२१ ला व्हायची होती. करोना आला, ती लांबली आणि लांबतच गेली. २०२७ च्या जनगणनेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२५ मध्ये ११,७१८ कोटी मंजूर केले. माणशी ऐंशीच्या आसपास पडतील. आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण मला तो महाग वाटत नाही. महाग पडतं ते न मोजणं. अन्नसुरक्षा कायद्याखालचा राज्यांचा धान्यकोटा अजून २०११ च्या लोकसंख्येवरच बेतलेला आहे. त्या मोजणीनंतर जन्मलेलं पोर दहावीच्या वयाचं झालं, कोट्याच्या हिशोबात ते अजून आलेलंच नाही. पंधराव्या वित्त आयोगानेही राज्यांचा वाटा ठरवताना लोकसंख्या २०११ चीच धरली.

आता १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा क्षण धरून मोजणी व्हायची आहे. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत पहिल्यांदाच प्रत्येकाची जातही विचारली जाईल. भट्टीवरच्या मजुराला मात्र तो जुना प्रश्नही पुन्हा विचारायलाच हवा: याआधी कुठे होतात?