वृद्धाश्रम म्हणजे आयुष्याची शेजारती नव्हे

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत दत्तसेवेसाठी घर सोडून मुक्कामाला येणारी वयस्कर माणसे नवी नाहीत. त्यांची कोणी कीव करत नाही. उलट 'भाग्यवान' म्हणून लोक पाया पडतात. तेच माणूस वृद्धाश्रमात गेले, तर 'पोरांनी टाकलं' म्हणून गाव हळहळते. घर दोघांनीही सोडलेले असते. पण सेवेला आलेला माणूस स्वतःच्या निर्णयाने आलेला असतो आणि उठल्यावर काय करायचे हे त्याला ठाऊक असते. म्हातारपणी जगण्याला अर्थ मिळतो तो याच दोन गोष्टींमुळे, आणि त्या आश्रमातही मिळू शकतात. आड येतात ते चार गैरसमज.

गैरसमज पहिला : वृद्धाश्रम ही टाकलेल्यांची जागा आणि परदेशातून आलेले खूळ. पुण्यातली 'निवारा' ही संस्था एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि महाराष्ट्र सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजनाही 1995 पासूनची. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे गरजू ज्येष्ठांची सोय करण्याची तरतूद आहे. याच कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला, आणि ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ठेवला. म्हणजे टाकणे हा गुन्हा आहे, आश्रमात राहणे हा नाही. अनेकांना मनाविरुद्ध आणून सोडले जाते, हा आक्षेप खराच. पण मग दोष त्या जबरदस्तीला द्यावा. स्वतः विचार करून आलेल्यालाही त्याच मापाने मोजणे हा अन्याय आहे.

गैरसमज दुसरा : आता सगळे आयते मिळावे, हातपाय हलवायचे कशाला? एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी 1976 मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात याच्या उलट अनुभव नोंदवला. एका गटाला खोली कशी लावायची, सिनेमा कधी पाहायचा हे स्वतः ठरवू दिले आणि सांभाळायला एक रोप दिले. दुसऱ्या गटाची सगळी काळजी कर्मचाऱ्यांनी घेतली. तीनच आठवड्यांत पहिला गट अधिक तरतरीत आणि मिळूनमिसळून वागणारा दिसला. अभ्यास लहान आणि मुलूख परका, हे मान्य. तरीही चहा कधी घ्यायचा हेसुद्धा दुसऱ्याने ठरवले की माणूस कोमेजतो, हे आपल्या घरांतही दिसतेच. भाजी निवडणे, वर्तमानपत्र वाचून दाखवणे, बागेला पाणी घालणे ही कामे झेपतील तेवढी रहिवाशांकडे असावीत. मात्र आश्रमाने मनुष्यबळ वाचवण्यासाठी ती लादली, तर त्यांचा उपयोग उरत नाही.

गैरसमज तिसरा : या वयात शरीर आणि मन काय सुधारणार? 1994 मध्ये बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या शंभर रहिवाशांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 87 होते. ज्यांनी दहा आठवडे वजनांचा व्यायाम केला, त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. अर्थात, व्यायाम डॉक्टरांना विचारून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य हेही वयाचे अटळ भाग नसून आजार आहेत. नैराश्यावर उपचार होतात. 'वय झालं' म्हणून ते अंगावर काढणे घातक आहे.

गैरसमज चौथा : नामस्मरण केले की पुरे. वाडीत काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत दिवसाला आखीव लय असते, आणि श्रद्धावंताला तिचा मोठा आधार होतो. पण मधुमेहाची गोळी, चष्म्याचा बदललेला नंबर, कवळी, ऐकू येण्याचे यंत्र यांची जागा जप घेत नाही. ज्याची श्रद्धा नाही त्याला पुस्तक, गाणे, बुद्धिबळ यातही तितकाच अर्थ सापडतो. शिवाय वाडीचा हा मुलूख महापुराचा आहे, तिथेही नुसत्या जपाने भागत नाही. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी शिरोळ तालुक्याला दाखवून दिले की औषधे, कागदपत्रे आणि नातेवाइकांचे फोन नंबर पावसाळ्याआधीच एका पिशवीत तयार हवेत.

म्हणून आश्रम पाहायला जाताना खोल्या आणि फरशी पाहून परत येऊ नका. इथे माणसाला काय काय स्वतः ठरवता येते, दिवसभर करायला काय असते, डॉक्टर किती वेळा येतात, पूर आला तर कुठे नेणार, हे विचारा. आणि ज्यांना तिथे राहायचे आहे, त्यांनाच हे प्रश्न विचारू द्या.