पेलेटची शेगडी घेण्याआधी

आपल्या सातारा-सांगलीकडे थंडी अशी किती? महाबळेश्वर-पाचगणी सोडली तर पहाटेची शेकोटी पुरते. बर्फाच्या देशांत घर उबदार ठेवायला पेलेटची मोठी शेगडी असते, तिचं धुराडं घराबाहेर काढतात. आपल्याकडे हीच शेगडी लहान होऊन आली, ती स्वयंपाकाला.

पेलेट म्हणजे काय? भुसा, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं यांचा चुरा यंत्रात दाबून केलेल्या, खडूच्या तुकड्यासारख्या कांड्या.

ओली काटकी धुमसते. धूर म्हणजे न जळलेलं जळणच. ते घरधनिणीच्या डोळ्यांत आणि छातीत जातं. कांडी सुकी असते. शेगडीतला लहान पंखा खालून वारा देतो, वरच्या भोकांतूनही वारा येतो. मग बराचसा धूर तिथल्या तिथे जळून जातो.

मग घ्यावी का? आमचं म्हणणं, शेगडीचा भाव मागाहून विचारा, आधी कांड्यांचा विचारा. 2006 साली ‘ऊर्जा’ नावाची अशी शेगडी महाराष्ट्रात विकायला आली. देशात अशा चार लाखांवर शेगड्या खपल्या. पण चिपाड कारखान्यांच्या बॉयलरलाही हवं होतं. कच्चा माल महागला, कांड्या महागल्या, आणि पुष्कळ घरांतली शेगडी पडून राहिली. जळणच परवडेना, तर चांगली शेगडी काय कामाची?

तेव्हा कांड्या जवळपास बारा महिने मिळतात का ते पाहा. रोज दीड किलो लागतात असं धरा, म्हणजे महिन्याला 45 किलो. त्याला भावाने गुणा आणि गॅसच्या खर्चाशेजारी लिहा. आम्ही मास्तर माणसं, हिशेब मांडल्याशिवाय पुढं जात नाही! पंख्याची बॅटरी गावात बदलून मिळते का, तेही विचारा. पाटण-जावळीच्या पावसात कांड्या दमट होऊन भुसा होतो, त्यांना झाकणाचा डबा हवा. जत-आटपाडीला ती अडचण कमी. ज्याच्या घरी शेणी नि तुराट्या फुकट आहेत, त्याने आधी धुराड्याची सुधारलेली चूल पाहावी.

आणि थंडीच्या रात्री पेटती शेगडी बंद खोलीत घेऊन निजू नका. धूर दिसत नाही, म्हणून हवा चांगली असं नाही. कार्बन मोनॉक्साइड नावाच्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच दगावतो. विझत आलेले निखारेसुद्धा बाहेर ठेवा, मगच दार लावा.