दक्षिण आफ्रिकेला निघालात? बॅग भरण्याआधी तब्येतीची तयारी करा

आपल्या वस्तीतून कामासाठी बाहेर पडणे नवीन नाही. आजोबा ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेले, वडील पुण्याला बांधकामावर गेले. आता नातवाच्या हातात आयटीआयचे प्रमाणपत्र असते किंवा नातीच्या हातात नर्सिंगचे. कुणी जहाजावर लागतो, कुणाला खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम मिळते. दुबई-मस्कतबद्दल घरात चार गोष्टी ऐकलेल्या असतात. पण मुलाने "आई, दक्षिण आफ्रिकेला जायचंय" असे सांगितले की घर गप्प होते. तिथे काय खातात, कोणते रोग असतात, आजारी पडला तर कोण पाहणार? आईच्या मनातल्या या प्रश्नांची उत्तरे आम्ही या पानावर देत आहोत.

आधी एक आठवण

नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार जगाला कळवला, तो ओमायक्रॉन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण सापडला. तो केपटाऊनहून परतलेला कल्याण-डोंबिवली भागातला प्रवासी होता. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यातही, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, परदेशातून आलेल्या प्रवाशामुळे ओमायक्रॉनची नोंद झाली. जगाच्या त्या टोकाचा आजार काही दिवसांत आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचू शकतो, हे तेव्हा कळले. प्रवाशाने घेतलेली काळजी त्याच्या घराच्या आणि सगळ्या वस्तीच्याही उपयोगाची असते. म्हणून हे पान घरातल्या प्रत्येकाने वाचावे.

निघण्याच्या सहा आठवडे आधी

तिकीट हातात आल्यावर दवाखान्याची आठवण येते, तोवर उशीर झालेला असतो. लशींचा परिणाम दिसायला वेळ लागतो. म्हणून किमान सहा आठवडे आधी सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना भेटा आणि कोणत्या देशात, कोणत्या भागात, किती दिवस जाणार ते नीट सांगा. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्या. टायफॉईड आणि अ प्रकारच्या काविळीच्या लशीबद्दल विचारा. नर्सिंगचे किंवा सफाईचे काम असेल तर ब प्रकारच्या काविळीची लस राहू देऊ नका. तिथल्या कामाच्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणीचा अहवाल लागतो. तोही याच वेळी करून घ्या.

पिवळा ताप : लस कुणाला लागते?

याबाबत लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. दक्षिण आफ्रिकेत पिवळा ताप नाही. भारतातही नाही. मग लस कशाला? उत्तर तुमच्या विमानाच्या मार्गात आहे. मुंबईहून जोहान्सबर्गला जाणारे अनेक जण इथिओपियातील अदिस अबाबा किंवा केनियातील नैरोबी इथे विमान बदलतात. या दोन्ही देशांत पिवळ्या तापाचा धोका आहे. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात किंवा विमानतळाबाहेर पडलात, तर दक्षिण आफ्रिका लशीचे प्रमाणपत्र मागते. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर हा प्रश्न येत नाही. म्हणून स्वस्त तिकीट घेताना मध्ये किती तास थांबायचे आहे तेही पाहा.

परतीच्या वाटेवर भारतही हेच विचारतो. पिवळ्या तापाच्या देशात राहून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय उतरलात, तर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. आपले सरकार एवढे कडक का? कारण पिवळा ताप पसरवणारा डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच एडिस डास. आपल्या वस्तीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, म्हणून रांजण, बॅरल, हौद भरून ठेवावे लागतात. त्याच साठ्यात हा डास वाढतो. डास इथे आधीच आहे, विषाणू अजून आलेला नाही. तो येऊ नये म्हणून ही अडवणूक आहे.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते आणि तिथलेच पिवळे पुस्तक चालते. अशी केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. एक कुपी फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या दिवशी नाव नोंदवूनच लस देतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि ते आयुष्यभर चालते. गरोदर बाई, नऊ महिन्यांच्या आतले बाळ, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेली किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेली व्यक्ती यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. साठीच्या पुढच्यांनीही आधी विचारावे. पैसे घेऊन लशीविना शिक्का मारून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यात गुन्हाही आहे आणि जिवाला धोकाही.

मलेरिया : सगळीकडे नाही, पण जिथे आहे तिथे घातक

जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, डर्बन, केपटाऊन या मोठ्या शहरांत मलेरिया पसरत नाही. धोका आहे तो देशाच्या ईशान्य कडेला : लिम्पोपो आणि म्पुमलांगा प्रांतांचे सीमेकडचे भाग, क्रूगर अभयारण्य आणि क्वाझुलू-नाताळचे उत्तर टोक. साधारण सप्टेंबर ते मे हा तिथला मलेरियाचा हंगाम. शेजारच्या मोझांबिक, झांबिया आणि मलावीत मात्र धोका देशभर आणि वर्षभर असतो. कंपनीची गाडी घेऊन सीमेपलीकडे माल पोहोचवायचा असेल, तर हे आधी माहीत हवे.

"आपल्याला काय मलेरियाचं, आपण गावाकडची माणसं," असे कुणी म्हणेल. पण आपल्या कोरड्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या अंगात आफ्रिकेतल्या मलेरियाशी लढण्याची ताकद नसते. तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो. उपचार लांबले तर तो एक-दोन दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेली क्लोरोक्विनची गोळी त्यावर चालत नाही.

त्या भागात जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्सीसायक्लिन जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात, रोज घेतात आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवतात. गरोदर बाईने ती घेऊ नये. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते, पण फिट येणाऱ्या किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाला ती चालत नाही. म्हणून मित्राची चिठ्ठी तुमच्या कामाची नाही. गोळीसोबत संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डास पळवणारे मलम आणि झोपताना मच्छरदाणी हवीच.

नदीत उतरण्याआधी थांबा

आपली मुले विहिरीत आणि तेरणेच्या पाण्यात पोहत वाढली. पाणी दिसले की अंग टाकायची सवय असते. तिथे ही सवय मोडावी लागेल. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या नद्या-तळ्यांत, तसेच मलावीच्या मोठ्या सरोवरात बिल्हार्झिया नावाचा आजार आहे. संथ पाण्यातल्या गोगलगाईंतून बारीक अळ्या बाहेर पडतात आणि माणसाच्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात. पाणी प्यायले नाही तरी नुसते पाय बुडवणे पुरेसे आहे. आधी खाज येते, काही आठवड्यांनी ताप येतो, पुढे लघवीतून रक्त जाऊ शकते. आपल्याकडे हा आजार जवळपास दिसत नसल्यामुळे तुम्ही प्रवासाबद्दल सांगितले नाही तर डॉक्टरांच्याही लक्षात येणार नाही. वेळेत कळला तर प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी तो बरा होतो. समुद्राच्या आणि क्लोरिन टाकलेल्या तलावाच्या पाण्यात हा धोका नाही.

पाणी आणि थंडी

मोठ्या शहरांत नळाचे पाणी साधारणपणे पिण्यासारखे असते. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०२३ मध्ये प्रिटोरियाजवळच्या हॅमन्सक्राल इथे कॉलऱ्याने वीसहून अधिक जणांचा बळी घेतला. वस्ती, खेडे किंवा मजुरांचा तळ असेल तर पाणी उकळून प्या. ओआरएसची पाकिटे इथूनच न्या.

तिथले ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये अंग भाजते, तेव्हा तिथे हिवाळा लागतो. जोहान्सबर्ग साधारण १,७५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. जून ते ऑगस्टमध्ये रात्री पारा शून्याजवळ जातो. स्वेटर, कानटोपी आणि जाड पांघरूण सोबत असू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या धुराने झोपेतच जीव जातो.

जे बोलायला लाज वाटते, तेही बोलू

दक्षिण आफ्रिकेत सुमारे ८० लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. जगात इतर कोणत्याही देशात इतके नाहीत. क्षयरोगही तिथे मोठ्या प्रमाणात आहे. म्हणून तिथल्या माणसांना घाबरायचे किंवा कमी लेखायचे नाही. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. पण घरापासून वर्षभर दूर राहणाऱ्या तरुणाने निरोध जवळ ठेवलाच पाहिजे. असुरक्षित संबंध आला किंवा काम करताना वापरलेली सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा. त्या मुदतीत सुरू केलेल्या गोळ्या लागण टाळू शकतात. जितक्या लवकर सुरू कराल तितक्या चांगल्या.

ज्यांचे एआरटीचे किंवा क्षयरोगाचे औषध चालू आहे, त्यांनी ते लपवून जाऊ नये. एक डोसही चुकता कामा नये. आपल्या केंद्रातून पुरेशी औषधे घ्या, ती मूळ पाकिटातच ठेवा आणि डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. शंका असेल तर १०९७ या मोफत एड्स हेल्पलाईनवर मराठीतही विचारता येते. तिथे नाव सांगावे लागत नाही.

आजारी पडलात तर खर्च कोण करणार?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे किंवा आयुष्मान कार्ड देशाबाहेर चालत नाही. आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांना सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. ती ईसीआर शिक्क्याच्या पासपोर्टवर ठरलेल्या १८ देशांत जाणाऱ्यांसाठी आहे. दक्षिण आफ्रिका त्या यादीत नाही. म्हणजे जाताना सरकारी परवानगीचा टप्पा नाही, पण त्यासोबत मिळणारे विम्याचे संरक्षणही नाही. हा विमा तुम्हालाच पाहावा लागेल. आजारपण, अपघात आणि मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का, ते नोकरीच्या करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको.

तिथल्या राज्यघटनेच्या २७व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की तातडीचे उपचार कुणालाही नाकारता येणार नाहीत. घटनेचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. पण कागदावरचा हक्क दारात लगेच मिळतोच असे नाही. अलीकडच्या वर्षांत परदेशी लोकांना सरकारी दवाखान्यांच्या फाटकावर अडवण्याचे प्रकार तिथे घडले आहेत, आणि खासगी रुग्णालये आधी पैसे किंवा विमा मागतात. रुग्णवाहिकेसाठी १०१७७, पोलिसांसाठी १०१११ आणि मोबाईलवरून ११२ हे क्रमांक पाठ करा. प्रिटोरियात भारताचे उच्चायुक्तालय आहे. जोहान्सबर्ग, डर्बन आणि केपटाऊनमध्ये वाणिज्य दूतावास आहेत.

एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. "आधी पर्यटक व्हिसावर चला, मग काम मिळेल," असे जो म्हणतो तो तुम्हाला बेकायदा ठरवतो आहे. बेकायदा माणूस आजारी पडला तरी दवाखान्यात जायला घाबरतो. सल्ला हवा असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११-३०९० आहे.

परत आल्यावर

समजा मुलगा परत आला, सगळे भेटले, गोडधोड झाले आणि दहाव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप आला. घरचे म्हणतील, हवाबदल झाला. मेडिकलमधून तापाची गोळी येईल. इथेच जीव जातो. मलेरियाच्या भागातून आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. ही तपासणी मोफत आहे. पहिला अहवाल चांगला आला आणि ताप उतरला नाही, तर पुन्हा तपासा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा : "मी आफ्रिकेतून आलोय." या एका वाक्याने माणूस वाचू शकतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासा. नदीत उतरला असाल तर दोन महिन्यांनी लघवीची आणि शौचाची तपासणी करून घ्या.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. ओमायक्रॉनच्या वेळी परदेशातून आलेल्यांकडे लोक संशयाने पाहत होते. संशय दिसला की माणूस आजार लपवतो, आणि लपवलेला आजार वस्तीभर फिरतो. आलेल्या मुलाची चौकशी करा, ताप असेल तर आशाताईला कळवा, त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

रविवारी विहारात वंदनेनंतर सगळे बसलेले असतात. तेव्हा हे पान एकदा मोठ्याने वाचून दाखवा. आज आपल्या वस्तीतून कुणी आफ्रिकेला निघालेले नसेल. पण उद्या एखाद्या आईच्या लेकाचे तिकीट येईल, तेव्हा काय विचारायचे हे तिला ठाऊक असेल.