म्हशीचे दूध आणि शेअरचा भाव

पाच घरांनी मिळून एक म्हैस घेतली. प्रत्येकाने सारखे पैसे घातले. आता दुधातही प्रत्येकाचा पाचवा वाटा. शेअर म्हणजे असाच वाटा. म्हशीच्या जागी कारखाना असतो, नाहीतर बँक असते. वाटेकरी पाच नसतात, हजारो असतात. नफ्यातून वाटेकऱ्यांना जे पैसे मिळतात, त्याला लाभांश म्हणतात. हे झाले दूध.

म्हैस घेतल्यावर तुम्ही रोज बाजारात जाऊन "आज हिचे किती येतील हो?" असे विचारता का? नाही. दूध किती देते, वैरण किती खाते, ते बघता. शेअरचे उलटे होते. त्याचा भाव बाजार चालू असेपर्यंत सारखा हलत असतो. हल्ली तो हातातल्या फोनवर दिसतो. मग माणूस दूध विसरतो आणि भावच बघत बसतो.

एक जुनी हकिगत ऐका. जमशेटजी टाटांना आपल्या देशात पोलादाचा कारखाना काढायचा होता. ते 1904 साली वारले. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी काम पुढे नेले. लंडनमध्ये भांडवल जमेना. मग 1907 साली मुंबईत शेअर विकायला काढले. ते दिवस स्वदेशीचे. टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्रीपर्यंत रीघ लागली. तीन आठवड्यांत भांडवल उभे राहिले. सुमारे 8,000 लोकांनी पैसे दिले. कारखान्याची तेव्हा एक वीटही रचलेली नव्हती! लोखंड निघाले 1911 साली, पोलाद 1912 साली. तोवर म्हैस नुसती वैरण खात होती.

पुढे पहिले महायुद्ध संपले. परदेशचे स्वस्त पोलाद येऊ लागले. 1924 साली अशी वेळ आली की कामगारांचा पगार द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी आपली मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाईंचे दागिने तारण ठेवून कर्ज काढले. सरकारने परदेशी पोलादावर जकात वाढवली. कारखाना तगला. तो जमशेदपूरला आजही चालू आहे.

अशा वेळी धरून राहणे सोपे नसते. त्यातून पैसे कसले आहेत, यावरही पुष्कळ असते.

मुंबईच्या शेअरबाजारातल्या 30 मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून एक आकडा काढतात. त्याला सेन्सेक्स म्हणतात. 2008 च्या जानेवारीत तो 21,000 च्या आसपास होता. 2009 च्या मार्चमध्ये तो 8,200 च्याही खाली आला. समजा, दोन मास्तरांनी त्या जानेवारीत त्या 30 कंपन्यांत मिळून 10,000 रुपये घातले. 2009 च्या मार्चपर्यंत त्याचे 4,000 सुद्धा राहिले नाहीत. दोघांचीही झोप उडाली. पण पहिल्याने मुलीच्या फीचे पैसे घातले होते. जूनमध्ये तिचे नाव कॉलेजात घालायचे होते. त्याला मार्चमध्येच विकावे लागले. दुसऱ्याला त्या पैशांची घाई नव्हती. 2010 च्या नोव्हेंबरात सेन्सेक्स पुन्हा 21,000 ला पोचला. त्याचे पैसे भरून आले. दोघांत हुशारीचा फरक नव्हता, बरे का. आणि कर्ज काढून शेअर घेणाऱ्याची गत तर पहिल्या मास्तरांहून वाईट. त्याला सावकार थांबू देत नाही.

तर मग शेअर घ्यावा आणि डोळे मिटून बसावे? तसेही नाही. म्हैस आटली की आपण काय करतो? गाभण आहे की म्हातारी झाली, ते बघतो. टाटांची म्हैस गाभण होती. मुंबईच्या पुष्कळ कापडगिरण्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. यंत्रे जुनी, आणि यंत्रमागाचे कापड स्वस्त. 1982 च्या जानेवारीत मोठा संप झाला. त्यानंतर कित्येक गिरण्या उघडल्याच नाहीत. कामगारांचे तर घरच बसले. शेअरवाल्यांच्या पेटीत नुसता कागद राहिला. तिथे धीर धरून काय होणार?

गाभण की म्हातारी, हे भावावरून कळत नाही. कंपनीला दरवर्षी आपला हिशेब वाटेकऱ्यांपुढे ठेवावा लागतो. त्यात नफा किती, कर्ज किती, ते लिहिलेले असते. मागच्या वर्षीचे आकडेही शेजारीच छापलेले असतात. दोन्हींवर बोट ठेवून वाचावे. अडले तर जाणत्याला विचारावे.