सरकता कोश

शब्दकोश तुम्ही सर्वांनी पाहिलेला असेल. जाडजूड आणि अकारविल्हे लावलेला. पण असाही एक कोश आहे, जो कोठे छापलेला नसतो, कोणी कोणाला पाठवीत नाही आणि वाचता वाचताच तयार होतो! तुम्ही झिप फाइल उघडता किंवा पीएनजी प्रकारचे चित्र पाहता, तेव्हा संगणकाच्या अथवा फोनच्या स्मृतीत हा कोश काम करीत असतो. तो कसा, ते पाहू या.

१९७७ साली याकोव्ह झिव्ह आणि अब्राहम लेंपेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी माहिती कमी जागेत मावविण्याची एक युक्ती मांडली. येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला, तर तो पुन्हा लिहू नये. ‘इतके मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे घ्या’ एवढेच सांगावे. उदाहरणार्थ, ‘कावळा काव काव काव करतो’ हे वाक्य घ्या. मधल्या मोकळ्या जागा धरून त्यात १६ अक्षरे आहेत. ते असे लिहिता येईल :

का, व, ळा, मोकळी जागा, (४ मागे, २ घ्या), (३ मागे, ७ घ्या), क, र, तो.

१६ अक्षरांऐवजी ९ सूचना झाल्या. आता तुम्ही संगणक आहात असे समजा आणि हे वाक्य उलगडा. पहिली चार अक्षरे जशीच्या तशी लिहा. पुढे ४ मागे जाऊन २ घेतली, की ‘काव’ मिळाले. यानंतरची सूचना मात्र चमत्कारिक आहे. ३ अक्षरे मागे गेल्यावर पुढे तीनच अक्षरे आहेत. मग ७ घ्यायची कोठून?

उत्तर सोपे आहे. अक्षरे एकेक करून उतरवा. मोकळी जागा, का, व ही तीन उतरविली, की तीच आता चौथ्या, पाचव्या, सहाव्या अक्षरासाठी तयार असतात आणि त्यांच्यापाठोपाठ सातवेही मिळते. उलगडणारा स्वतःच लिहिलेले लगेच वाचू लागतो! एखाद्या आज्ञावलीने सातही अक्षरे एकदम उचलायला जावे, तर तिच्या हाती तीनच खरी अक्षरे लागतील. बाकी चार ठिकाणी स्मृतीत आधी जे काही पडलेले असेल तेच येईल.

म्हणजे कोश म्हणजे दुसरे काही नसून नुकताच उलगडलेला मजकूर होय. मग प्रचंड फाइल उलगडताना सगळा मजकूर स्मृतीत ठेवायचा का? तशी गरज नसते. झिप फाइलींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘डिफ्लेट’ या पद्धतीत फार तर ३२,७६८ बाइट मागे जाता येते आणि एका वेळी ३ ते २५८ बाइट घेता येतात. त्याहून जुना मजकूर विसरला तरी चालतो. वाचन पुढे जाते तसा कोशही पुढे सरकतो.

पण दर वेळी सगळा मजकूर एकेक घर सरकविणे फार वेळखाऊ होईल. म्हणून मजकूर जागच्या जागी राहू देतात आणि घरेच गोल मानतात. आपल्या खेळासाठी ० ते ७ अशी आठ घरे घ्या. प्रत्येक अक्षर फाइलीत लिहा आणि त्याच वेळी पुढच्या घरातही ठेवा. ७ क्रमांकाचे घर भरले, की पुन्हा ० पासून सुरुवात. आपल्या वाक्यातील नववे अक्षर ० क्रमांकाच्या घरात येते. तेथील जुना ‘का’ पुसला जातो. तो फाइलीत आधीच गेला असल्यामुळे काही बिघडत नाही. या नवव्या अक्षरासाठी ३ घरे मागे जायचे आहे. ० वजा ३ म्हणजे उणे ३. त्यात ८ मिळवा, ५ आले. ५ क्रमांकाच्या घरात ‘व’ आहे, तोच आपल्याला हवा! घड्याळात एक वाजण्याच्या तीन तास आधी दहा वाजलेले असतात, त्यातलाच हा प्रकार.

३२,७६८ हीच संख्या का? कारण ती २ चा पंधरावा घात आहे. १,००० घरे असती तर आपण कोणत्याही संख्येचे शेवटचे तीन अंक पाहून घर ओळखले असते. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. तो शेवटचे १५ अंक ठेवतो व बाकीचे सोडून देतो. भागाकाराची यातायात वाचते.

या बचतीला एक किंमत आहे. दुसऱ्याच सूचनेत ‘व’ ऐवजी ‘प’ आला तर काय होईल? ‘कापळा काप काप काप करतो’! एक चूक चार ठिकाणी उमटली. म्हणून झिप फाइलीबरोबर मूळ मजकुरावरून काढलेला एक तपासणी-अंक ठेवलेला असतो. उलगडलेल्या मजकुराचा अंक त्याच्याशी जुळला नाही, तर फाइल बिघडली असे समजते. तसेच पाचच अक्षरे लिहून झाली असता ‘६ मागे जा’ अशी सूचना आली, तर चांगली आज्ञावली तेथेच थांबते. नाही तर घरांतील जुना कचरा मजकूर म्हणून बाहेर पडेल.

आता हा खेळ वर्गात करून पाहा. फळ्यावर आठ घरांचे वर्तुळ काढा. एकाने सूचना वाचाव्यात, एकाने घरे भरावीत, एकाने वाक्य लिहावे. सूचना अशा :

टि, क, (२ मागे, २ घ्या), मोकळी जागा, (५ मागे, ९ घ्या).

काय ऐकू आले? शेवटचे अक्षर ५ क्रमांकाच्या घरात पडले असेल, तर तुमचा कोश बरोबर सरकला!