उन्हाळा आणि आपली पावले

आपल्या वसतिगृहात त्रिशरण-पंचशीलासाठी सभागृहात जाताना दाराबाहेर चपलांची लांबच लांब रांग लागत असे. मार्च उजाडला की वंदना आटोपून बाहेर येणारी मुले तापलेल्या फरशीवरून टाचा उचलून धावत सुटत. तेव्हा त्या धावपळीची मौज वाटे. पुढे रुग्णसेवेच्या क्षेत्रात काम करू लागल्यावर उन्हाळ्यात पायांची किती हेळसांड होते, हे ध्यानी आले.

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आहे. चंपानगरीच्या संपन्न घरातून आलेल्या या सुकुमार भिक्खूचे तळपाय चंक्रमण करताना फाटले आणि त्याची वाट रक्ताने माखली. भगवान बुद्धांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त देऊन त्याला साधनेतील समतोल समजावला आणि एकपदरी तळाचे पादत्राण वापरण्याची अनुमती दिली. ही सवलत एकट्यासाठी घेण्यास सोणाने नकार दिला. तेव्हा ती साऱ्या भिक्खुसंघाला देण्यात आली. शरीराला विनाकारण यातना देणे म्हणजे साधना नव्हे, हा बोध या साध्या प्रसंगात आहे.

तळपायाच्या त्वचेची रचना वेगळी आहे. तेथे घामाच्या ग्रंथी भरपूर असतात; परंतु त्वचेला स्निग्ध ठेवणाऱ्या तैलग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे उन्हाळ्यात दोन परस्परविरुद्ध त्रास उद्भवतात. उघड्या चपलेत किंवा अनवाणी चालताना टाचा कोरड्या पडून त्यांना भेगा जातात. तर बंद बुटांत घाम साचून बोटांच्या बेचक्यांत बुरशी वाढते.

भेगांसाठी रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवावेत, वजरीने हलकेच घासावेत, टिपून कोरडे करावेत आणि खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घालावेत. भेगांची कातडी ब्लेडने कापू नये. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल लावू नये. ती जागा कोरडीच राहिली पाहिजे. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी मोजे रोज धुऊन, उलटे करून उन्हात वाळवावेत. एकमेकांचे मोजे, बूट वा पाय पुसण्याचा पंचा वापरू नये. बेचक्यांत खाज सुटून कातडी पांढरी पडली, तर बुरशीनाशक मलम नियमाने लावावे आणि खाज थांबली म्हणून लगेच सोडू नये. दुकानातून मनाने आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज क्षणभर शमते, परंतु बुरशी अधिक पसरते. म्हणून मलम डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मधुमेहींविषयी आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू मंदावते. हवेचे तापमान ४२ अंश असताना उन्हातील डांबर ६० अंशांपर्यंत तापू शकते. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. संवेदना हरवलेल्याला तो चटका जाणवतच नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भक्तिभावाने अनवाणी चाललेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या तळपायांवरील फोड घरी गेल्यावर सुनेच्या दृष्टीस पडले. त्यांना स्वतःला काहीच दुखत नव्हते. जखम चिघळली आणि अखेर दोन बोटे गमवावी लागली. बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी पायांत चपला असल्याने आपला आदर तसूभरही उणा होत नाही.

म्हणून मधुमेहींनी रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. पादत्राण घालण्यापूर्वी आत खडा नाही ना, हे हाताने चाचपावे. पाय बुडवण्याऐवजी कोमट पाण्याने धुवावेत आणि पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी. भाजल्यास वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली पाय धरावा. हळद, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अंगावर कोठेही बधिर चट्टा दिसल्यास कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे औषध विनामूल्य मिळते आणि वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

आपल्या आईवडिलांनी अनवाणी शेते तुडवली, खडी फोडली, म्हणून आपण शाळेपर्यंत पोहोचलो. या सुट्टीत घरी गेल्यावर त्यांच्या पायांना वंदन तर कराच; पण क्षणभर थांबून ते तळपाय नीट न्याहाळा. त्यांची निगा राखणे, हेही वंदनच आहे.